सुट्टीतील मुले आणि उन्हाळ्याचे पाणी

वैशाखाचे ऊन तापू लागले की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून एक ठरावीक लगबग सुरू होते. माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात, झेलमची किंवा गोवा एक्स्प्रेसची तिकिटे पुनःपुन्हा काढून पाहिली जातात आणि कोणाकडे किती दिवस राहावयाचे याची आखणी जेवणाच्या पानावर होऊ लागते. काही घरांतील मुले पुण्याला, नागपूरला, कोकणात आजोळी निघतात, तर काही घरांत पुण्या-मुंबईची भाचरे दाखल होतात. त्यातच लग्नसराई असते, मुंजी असतात, आंब्याच्या पेट्या येतात. मुलांच्या दृष्टीने वर्षातील हा खरा सुखाचा काळ, आणि तो तसाच असावा असे आम्हांसही मनापासून वाटते.

परंतु शाळेचे दप्तर ज्यांच्या हाती असते त्यांना या सुट्टीची आणखी एक बाजू दिसते. जूनमध्ये शाळा उघडते, वर्ग भरतात, आणि पहिल्या आठवड्यातच पालकांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. 'प्रवासात जुलाब झाले होते, अशक्तपणा आहे.' 'टायफॉईड निघाला, पंधरा दिवस विश्रांती सांगितली आहे.' 'कावीळ झाली.' 'लू लागली होती, अजून ताप येतो.' या चिठ्ठ्या आम्ही गेली पंचवीसएक वर्षे वाचीत आलो आहोत. अक्षर बदलते, नाव बदलते, मजकूर मात्र तोच राहतो. त्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या असता असे ध्यानात येते की, यांतील बहुतेक दुखण्यांचा धागा कोठे ना कोठे पाण्याशी जाऊन मिळतो. कधी शरीरातील पाणी कमी पडलेले असते, कधी पोटात गेलेले पाणी वाईट असते.

आणि नवल असे की, हे सारे घडते ते घरात मायेची दहा माणसे असताना. शाळेत घंटा असते. मधली सुट्टी झाली की मुले पाण्याच्या टाकीकडे धावतात, डबा ठरल्या वेळी उघडतात. सुट्टीत घंटा नाही. आईला वाटते आजीने पाणी दिले असेल, आजीला वाटते मावशीने दिले असेल, आणि मूल सकाळी दहापासून अंगणात खेळत असते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात मुलांकडे सगळ्यांचे लक्ष असते, म्हणजे नेमके कोणाचेच नसते. म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे: मुलांच्या पाण्याची जबाबदारी दररोज एकाच माणसाकडे असावी. आजोबांसारखा उत्तम माणूस या कामी दुसरा नाही. तासातासाला हाक मारून प्रत्येकाला पेलाभर पाणी आपल्यासमोर पाजावयाचे, एवढेच त्यांचे काम.

आमच्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही काही बातमी नव्हे. लष्करातील जुनी घरे दगडी पटियांची. दिवसभर तापलेली ती छते मध्यरात्रीपर्यंत खोल्यांत उष्णता सोडीत राहतात. कोकणातून किंवा पुण्याहून आलेल्या मुलांना या कोरड्या उन्हाचा अंदाज येत नाही, कारण येथे घाम येतो आणि येता येताच वाळून जातो. अंग भिजत नाही, म्हणून मुलाला वाटते आपल्याला घामच आला नाही. प्रत्यक्षात शरीरातील पाणी आणि मीठ सारखे निघून चाललेले असते. शिवाय वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्र मोठ्या माणसांपेक्षा अधिक असते. त्यामुळे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की लहान शरीर ती उष्णता झपाट्याने शोषून घेते. अशा वेळी नुसता पंखा लावून भागत नाही. तो गरम हवाच अंगावर ढकलतो. अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि मग वारा घालावा, तरच गारवा येतो.

मुलाला पाणी पुरेसे मिळते की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. लघवी फिकट आणि दिवसातून पाचसहा वेळा होत असेल तर चिंता नाही. ती गडद पिवळी, थोडी आणि जळजळणारी होऊ लागली की समजावे, पाणी कमी पडते आहे. मुले ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहीत, विचारावी लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. तान्ह्या बाळाला उन्हाळ्यात चमच्याने पाणी पाजण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती वडीलधारी मंडळी प्रेमानेच पाळतात. परंतु सहा महिन्यांपर्यंतच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरच्या पाण्याची गरज नसते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. वरच्या पाण्याने बाळाची दुधाची भूक मोडते आणि जुलाबाचा धोका वाढतो. बाळाला अधिक वेळा अंगावर घ्यावे, आणि पाणी पाजावयाचे असेल तर ते बाळाच्या आईला पाजावे. लेकुरवाळ्या सुनेला पाहुण्यांच्या धबडग्यात स्वतः पाणी पिण्याचीही सवड होत नाही, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

आपल्या जुन्या चालीरीती याबाबतीत फार शहाण्या होत्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, अक्षय्यतृतीयेला उदककुंभाचे दान, ही सारी ऋतूची तयारीच आहे. पन्ह्यात कैरी, गूळ, वेलदोडा आणि मीठ असते. त्यातील मीठ ही केवळ चवीची बाब नाही. घामावाटे गेलेले मीठ त्यातून परत मिळते. आमच्या भागातील पन्ह्यात भाजलेले जिरे, पुदिना आणि काळे मीठही पडते आणि ते दुपारच्या जेवणाबरोबर घेतात. अलीकडे मात्र पन्हे म्हणजे हिरव्या रंगाचा गोड पाक असा प्रकार बाटल्यांतून मिळू लागला आहे. त्यापेक्षा घरचे पातळ ताक, मीठ-जिरे घातलेले, शतपटीने बरे. कांदा खिशात ठेवल्याने लू लागत नाही असे येथे सर्रास मानतात. कांदा खिशात ठेवावयास आमची हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर मुलाला दुपारी बारा ते चार उन्हात सोडू नये.

ऊन लागले आणि मूल केवळ थकलेले, डोके दुखते म्हणणारे, मळमळणारे असले तर सावलीत निजवून, कपडे सैल करून, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने द्यावे. पण अंग भाजल्यासारखे तापले आहे, मूल असंबद्ध बोलते आहे, झिंगल्यासारखे करते आहे किंवा शुद्ध हरपते आहे, तर तो उष्माघात होय, आणि तेथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. अशा मुलाला तापाची गोळी देऊन उपयोग होत नाही, कारण हा ताप त्या जातीचाच नव्हे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा, आणि ती येईपर्यंत मुलाच्या सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेवर, काखेत व जांघेत बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. दारात उन्हात उभ्या केलेल्या मोटारगाडीचेही भान ठेवावे. लपंडाव खेळता खेळता मूल आत जाऊन बसले आणि दार उघडता आले नाही, तर थोड्याच वेळात आतली हवा जीवघेणी होते. गाडी नेहमी कुलूपबंद असावी आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत.

आता प्रवासाकडे वळू. ग्वाल्हेरहून पुण्याला आगगाडीने जावयाचे म्हणजे इटारसी, भुसावळ, मनमाड अशी स्टेशने ओलांडीत जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र मोडते. या प्रवासात मुले आजारी पडतात ती बहुधा स्टेशनवर कापून ठेवलेली कलिंगडे-काकड्या, बर्फ घातलेला उसाचा रस आणि कोठेही भरून घेतलेले पाणी यांमुळे. घरचे उकळून गार केलेले पाणी जेवढे नेता येईल तेवढे न्यावे. पुढे विकत घ्यावेच लागले तर बाटलीचे सील स्वतः तपासावे. खाण्यास दशम्या, गुळपोळी, कोरडी चटणी, केळी, संत्री, म्हणजे ज्यांना साल आहे किंवा ज्यांत ओल नाही असे पदार्थ. दहीभात पहिल्या जेवणापुरताच ठेवावा, कारण ४० अंशांच्या डब्यात तो संध्याकाळी आंबतो. आणि बॅगेच्या वरच्याच कप्प्यात जीवनक्षार मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची, चार पुडकी असावीत.

या पुडक्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांतून पटकीची साथ पसरली. बनगाव येथे शिरेतून सलाईन देण्याची व्यवस्था तुटपुंजी पडू लागली, तेव्हा कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पुडकी बांधून घेतली, ती पिंपांतील पाण्यात विरघळविली आणि रुग्णांच्या आप्तांच्याच हाती पेले दिले. त्या छावणीत शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारांहूनही खाली आले. हे काम डॉक्टरांच्या बरोबरीने आयांनी आणि बहिणींनी केले, ही गोष्ट आम्हांस त्यात सर्वांत मोलाची वाटते. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले, आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

यामागचे तत्त्व असे: जुलाब चालू असताना आतड्याला नुसते पाणी नीट शोषून घेता येत नाही. साखर मात्र आत जाऊ शकते, जाताना मिठाला बरोबर नेते आणि मिठामागून पाणी जाते. पण हे प्रमाणावर अवलंबून आहे. साखर फार झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम लागते. बाजारातील फळांच्या चवीच्या गोड पेयांत साखर याच्या कित्येक पट असते. अशी काही पेये 'ओआरएस' ही अक्षरे मिरवीत औषधांच्या दुकानांतही विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी सुमारे आठ वर्षे त्याविरुद्ध पाठपुरावा केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ती अक्षरे छापण्यास मनाई केली. तरीही पुडके घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे की नाही हे चष्मा लावून वाचावे.

एक लिटरचे पुडके एक लिटर पाण्यातच, संपूर्ण, एकदम विरघळवावे. 'आज अर्धे, उद्या अर्धे' अशी काटकसर येथे घातक आहे, कारण त्यात माप चुकते. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे. पुडके नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबामागे पाव ते अर्धी फुलपात्री, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली म्हणून थांबू नये. दहा मिनिटे वाट पाहून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. 'पोटाला विश्रांती' म्हणून उपाशी ठेवण्याची रीत आता टाकून दिली पाहिजे. मऊ खिचडी, ताकभात, केळे चालू ठेवावे, तान्ह्याला अंगावर पाजणे तर बंद करूच नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर चौदा दिवस देतात, त्या जुलाब थांबले तरी पुऱ्या कराव्यात. जुलाब बंद करण्याची मोठ्या माणसांची गोळी मुलांना आपल्या मनाने कधीही देऊ नये. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू पूर्ववत होऊ लागली, शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल होऊन पीतच नाहीसे झाले, तर रात्र असो वा लग्नघर असो, रुग्णालय गाठावे.

लग्नघराचा उल्लेख आलाच आहे. आमच्याकडे वरात येते रात्री दहाला आणि पाने मांडली जातात बाराला. तोपर्यंत मुलांनी शीतपेये आणि तळलेले पदार्थ यांवर पोट भरलेले असते. शिजविलेले अन्न उघड्यावर दोन तास, आणि या उन्हाळ्यात तर तासाभराहून अधिक राहिले की त्यात रोगजंतू माजू लागतात. पनीर, श्रीखंड, खवा हे पदार्थ त्यांत आघाडीवर. मुलांना घरून वरणभात जेवू घालून न्यावे, यात यजमानांचा अपमान होत नाही. मठ्ठ्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आचाऱ्यालाही ठाऊक नसते.

घरातील कूलरविषयी दोन शब्द. त्याच्या टाकीत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते घर आहे. अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्यास टाकी रिकामी करून, कडा घासून, कोरडी करावी. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. दुसरा धोका विजेचा. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी मुले कूलरला स्पर्श करतात. अर्थिंग नीट आहे याची खात्री हंगामाच्या आरंभीच वीजकारागिराकडून करून घ्यावी आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवावा.

आता ज्या पाण्याची चिठ्ठी शाळेत येत नाही, त्याविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील सातवीचा एक मुलगा सुट्टीत मामाच्या गावी गेला होता. हुशार, थोडा अबोल, कवायतीत सर्वांत पुढे. गावच्या मुलांबरोबर विहिरीवर गेला. ती मुले पोहणारी होती, हा नव्हता, आणि ते त्याने कोणाला सांगितले नाही. जूनमध्ये वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन आमच्याकडे आले आणि त्याच्या नावापुढे काय लिहावे असे विचारू लागले. त्या दिवसानंतर दर एप्रिलात, निकालाच्या वेळी, आम्ही प्रत्येक पालकास एकच प्रश्न विचारतो: मुलाला पोहता येते काय?

आपल्या आजोबांच्या पिढीत पाठीला सुके भोपळे बांधून, काठावर जाणता काका उभा असताना, मुले विहिरीत उतरत. शहरांत वाढलेल्या आपल्या मुलांना तो काकाही नाही आणि ती विहीरही ओळखीची नाही. नदीतून वाळू उपसलेली असते तेथे गुडघाभर पाण्यापुढे एकदम पुरुषभर खड्डा लागतो. कोकणातील समुद्र ओहोटीच्या वेळी शांत दिसतो आणि पाय ओढून नेतो. म्हणून पाहुण्या मुलांस एकटे पाण्यावर पाठवू नये. 'मोठी मुले आहेत बरोबर' ही सबब पुरेशी नाही. पोहणारा मोठा माणूस बरोबर असावा, आणि त्याच्या हाती मोबाईल नसावा. शक्य असल्यास याच सुट्टीत एखाद्या तरण तलावावर, शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली, मुलामुलींना पोहणे शिकवावे. मुलींनाही, हे मुद्दाम लिहितो.

मुलांना हेही सांगून ठेवावे की, कोणी बुडताना दिसले तर पाण्यात उडी घ्यावयाची नाही. बुडणारा जीव वाचविणाऱ्यालाच मिठी मारतो, आणि एकापाठोपाठ दोघे-तिघे जातात ते असेच. मोठ्याने ओरडावे, दोर, काठी, धोतर, ओढणी, रिकामा डबा, जे हाती येईल ते टाकावे. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याचा प्रकार गावोगाव चालतो, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर मान किंचित मागे करून प्रथम तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा, आणि मूल हालचाल करीत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा, तीस दाबांमागे दोन श्वास, १०८ ची गाडी येईपर्यंत. मूल उठून बसले, बोलू लागले, हसू लागले, तरीही त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवतो.